नदीचे पात्र उंच का होते?
होआंग होची कहाणी आणि तिचा बोध



भूगोलाच्या पुस्तकात आपण सर्वांनी एक वाक्य पाठ केले आहे. होआंग हो या चीनमधील नदीला 'चीनचे दुःखाश्रू' म्हणतात. परीक्षेत जोड्या लावताना त्याचा एक गुण मिळतो आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पण या नदीला असे नाव का पडले, तिने कोणाला रडवले आणि त्यात नदीचा दोष किती व माणसाचा किती, हे सहसा कोणी विचारीत नाही. आज या लेखात तोच प्रश्न आपण विचारू. त्याचे उत्तर चीनपुरते राहत नाही. ते आपल्या कोकणातील खाड्यांच्या काठापर्यंत येऊन पोहोचते, हे लेखाच्या शेवटी तुमच्या लक्षात येईल.

प्रथम नदी गाळ कसा वाहते ते समजून घेऊ. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी, इ. स. १०३० च्या सुमारास, अबू रैहान अल्-बिरूनी या थोर विद्वानाने हिंदुस्थानवरील आपल्या ग्रंथात एक साधे पण फार मोलाचे निरीक्षण नोंदवून ठेवले. डोंगराजवळ, जेथे नदीला जोर असतो, तेथे मोठमोठे गोल धोंडे सापडतात. डोंगरापासून दूर, जेथे प्रवाह मंदावतो, तेथे खडे बारीक होत जातात. आणि नदी समुद्राला मिळते तेथे नुसती वाळू राहते. यावरून त्याने अनुमान काढले की, उत्तर हिंदुस्थानचा विशाल सपाट प्रदेश पूर्वी समुद्र असावा आणि नद्यांनी आणलेल्या गाळाने तो भरून आला असावा. आजच्यासारखी उपकरणे त्याच्याजवळ नव्हती. होते ते डोळे, आणि पाहिलेल्या गोष्टीवर विचार करण्याची सवय.

अल्-बिरूनीच्या या निरीक्षणातच आपल्या प्रश्नाची किल्ली आहे. पाण्याला वेग असेल तर ते ओझे वाहते, वेग कमी झाला की ते ओझे खाली ठेवते. डोक्यावर पाटी घेऊन चढ चढणाऱ्या मजुराप्रमाणेच पाण्याच्याही ताकदीला मर्यादा आहे. लेन या अमेरिकन अभियंत्याने १९५५ साली हीच गोष्ट तराजूच्या रूपाने मांडली. तराजूच्या एका पारड्यात नदीत येणारा गाळ व त्याच्या कणांचा आकार घाला, दुसऱ्या पारड्यात नदीचे पाणी व तिचा उतार घाला. दोन्ही पारडी समतोल असतील तर नदीचा तळ जागच्या जागी राहतो. पाण्याचे पारडे जड झाले तर नदी आपला तळ खरवडते. गाळाचे पारडे जड झाले तर जास्तीचा गाळ तळाशी साचतो आणि पात्र उथळ होत, उंच होत जाते. डोंगर उघडे पडून माती जास्त येऊ लागली, किंवा पाणी अडवल्यामुळे अगर वळवल्यामुळे प्रवाह अशक्त झाला, तर परिणाम एकच होतो. तळ वर येतो. आणि तळ वर आला की पूर्वी जेवढे पाणी पात्रात सुखाने मावत होते तेवढेच पाणी आता काठावरून बाहेर पडते. पाऊस वाढलेला नसला तरी पूर वाढतो, तो असा.

पिवळी माती आणि पिवळी नदी

होआंग हो म्हणजे पिवळी नदी. तिची लांबी ५,४६४ किलोमीटर आहे. मधल्या टप्प्यात ती लोएस मातीच्या पठारातून वाहते. ही माती वाऱ्याने लाखो वर्षे आणून टाकलेली, पिठासारखी बारीक आणि अतिशय सुपीक. पण गवत व झाडे यांचे आच्छादन निघाले की पावसाच्या सरीबरोबर ती वाहू लागते. विसाव्या शतकाच्या मध्यास या नदीतून दरवर्षी सरासरी १६० कोटी टन गाळ वाहत होता. जगातील कोणत्याही मोठ्या नदीचे पाणी इतके गढूळ नव्हते. ही नदी डोंगर सोडून उत्तर चीनच्या सपाट मैदानात उतरते, तेथे तिचा वेग मोडतो आणि गाळ तळाशी बसू लागतो.

काठावरच्या लोकांनी काय केले? जे आपण कोणीही केले असते तेच केले. पुरापासून वाचण्यासाठी दोन्ही तीरांवर मातीचे तट बांधले. पण तटांमुळे पाण्याबरोबर गाळही कोंडला गेला. पूर्वी पुराचे पाणी मैदानभर पसरे आणि गाळाचा पातळ थर दूरवर बसे. आता तो सगळा गाळ दोन तटांच्या मधल्या पट्ट्यात बसू लागला. तळ उंच झाला, म्हणून तट उंच केले. तट उंच झाले, म्हणून आणखी गाळ आत राहिला. असे करता करता नदी भोवतालच्या शेतांपेक्षा, घरांपेक्षाही उंचावरून वाहू लागली. कैफंग शहराजवळ आज नदीचा तळ शहराच्या जमिनीपेक्षा सुमारे दहा मीटर उंच आहे. तीन मजली घराच्या गच्चीवरून नदी वाहते आहे अशी कल्पना करा! या भागात शेतातले पाणी नदीत उतरू शकत नाही, कारण नदीच वर आहे. उत्तरेकडचे पाणी उत्तरेच्या नद्यांना जाते आणि दक्षिणेकडचे ह्वाय नदीच्या खोऱ्यात.

असा तट फुटला म्हणजे पाणी परत पात्रात येत नाही. ते उताराकडे धावते आणि नवी वाट धरते. चिनी इतिहासकारांच्या गणनेप्रमाणे गेल्या अडीच हजार वर्षांत या नदीचे तट सुमारे दीड हजार वेळा फुटले आणि तिने सव्वीस वेळा आपला मार्ग बदलला. कधी ती शांतुंग द्वीपकल्पाच्या उत्तरेस समुद्राला मिळाली, तर कधी शेकडो किलोमीटर दक्षिणेस.

दोन हजार वर्षांपूर्वीचा सल्ला

हे कोणाच्या ध्यानात आले नाही असे मात्र नाही. इ. स. पूर्व ७ मध्ये च्या रांग नावाच्या अधिकाऱ्याने सम्राटाला एक निवेदन सादर केले. त्यात त्याने तीन उपाय सांगितले. उत्तम उपाय हा की, नदीच्या वाटेतील वस्ती हलवावी आणि नदीला तिची जागा परत द्यावी. मध्यम उपाय म्हणजे कालवे काढून पाणी वाटून द्यावे. आणि कनिष्ठ उपाय कोणता, तर जुनेच तट डागडुजी करून उंच करीत राहणे.

त्याच निवेदनात त्याने एक गोष्ट सांगितली आहे, ती पालकांनी विशेष लक्षात घ्यावी. पूर्वीच्या राज्यांनी तट नदीपासून पंचवीस ली, म्हणजे सुमारे दहा किलोमीटर दूर बांधले होते. मधली जागा पुरासाठी मोकळी होती. पण पूर ओसरला की त्या जागेत सुपीक गाळ राही. लोकांनी तेथे पेरणी केली. पीक चांगले आले, म्हणून झोपड्या झाल्या. काही वर्षे पूर आला नाही, म्हणून घरे झाली, गावे झाली. मग त्या गावांच्या रक्षणासाठी आत आणखी तट बांधले गेले. नदीची जागा अरुंद झाली, ती अशी पावलापावलाने. त्यात कोणी दुष्ट नव्हते. प्रत्येकाने आपल्या लेकरांच्या पोटाचाच विचार केला होता. तरी त्याचे फळ सर्वांना भोगावे लागले.

सम्राटाच्या दरबाराने उत्तम उपाय स्वीकारला नाही. वस्ती हलवणे कोणत्याही काळात अवघडच असते. पुढे इ. स. ६९-७० मध्ये वांग चिंग या अभियंत्याने लाखो मजूर लावून नवे तट बांधले आणि त्यानंतर काही शतके नदी बरीच शांत राहिली. याचे श्रेय बरेच दिवस केवळ वांग चिंगच्या तटांना दिले जात असे. परंतु १९६२ साली थान छी-श्यांग या चिनी इतिहास-भूगोलतज्ज्ञाने वेगळा विचार मांडला. त्या शतकांत लोएस पठारावरील शेतकरी वस्ती मागे हटली होती आणि तेथे पशुपालक राहू लागले होते. नांगर थांबला, गवत वाढले, माती जागेवर राहिली. म्हणून खाली शेकडो कोस दूर नदीही शांत झाली. सर्व विद्वानांचे यावर एकमत नाही. पण खालच्या पुराचे कारण वरच्या डोंगरात शोधावे, ही दृष्टी त्याने दिली.

एका मुसलमान विद्वानाचा ग्रंथ

मित्रांनो, या नदीच्या इतिहासात आपल्या दृष्टीने एक अभिमानाचे पान आहे, पण ते फारसे कोणाला माहीत नाही. मंगोल सम्राटांच्या काळात पश्चिम व मध्य आशियातील अनेक मुसलमान कुटुंबे चीनमध्ये स्थायिक झाली. अशाच अरब वंशाच्या एका कुटुंबात, उत्तर चीनमध्ये, इ. स. १२७८ मध्ये चान सि नावाचा विद्वान जन्मला. त्याने चिनी विद्यांचे सखोल अध्ययन केले आणि १३२१ साली नदीच्या तटरक्षणावर एक ग्रंथ सिद्ध केला. पूर्वीच्या राजवटींतील जुन्या ग्रंथांची छाननी करून, पुनरुक्ती गाळून, त्याने तो सहा विभागांत मांडला. नदीविषयक विचार, तटबांधणीचे नियम, लागणारे साहित्य, मजुरांचे काम, वाहतूक आणि गणित असे ते सहा विभाग. तट किती लांब, किती उंच, त्याला किती माती लागेल, ती किती अंतरावरून आणायची, त्यासाठी किती माणसे व किती दिवस लागतील, याचे हिशेब त्यात आहेत. अशा प्रकारच्या जुन्या चिनी ग्रंथांपैकी आज उपलब्ध असलेला हा एक महत्त्वाचा ग्रंथ मानला जातो.

यातून काय शिकायचे? चान सि परक्या भूमीतील स्थलांतरितांचा नातू होता. त्याने त्या भूमीची भाषा आत्मसात केली, तेथील जुन्या ज्ञानाचा आदर केला आणि ज्या संकटाने शेजारीपाजारी सर्वच गांजलेले होते त्या संकटावर आपली विद्या खर्च केली. पूर धर्म पाहून घरात शिरत नाही. म्हणून त्यावरची विद्याही सर्वांच्या कामाची असते.

तट उंच, नदी त्याहून उंच

सोळाव्या शतकात पान ची-श्युन (१५२१-१५९५) हा नद्यांचा मोठा अधिकारी होऊन गेला. त्याची युक्ती अशी होती की, नदीला रुंद पसरू देऊ नये. तट जवळ आणून प्रवाह अरुंद करावा, म्हणजे पाण्याला वेग येईल आणि तेच पाणी तळाचा गाळ खरवडून समुद्राकडे नेईल. शिवाय ह्वाय नदीचे तुलनेने स्वच्छ पाणी साठवून ते त्याच प्रवाहात सोडावे. विचार शास्त्रशुद्ध होता आणि काही काळ त्याचा उपयोगही झाला. पण वरून येणाऱ्या गाळाचे प्रमाणच इतके होते की, पारडे पुन्हा गाळाच्या बाजूने झुकले. मुखाशी गाळ साचत गेला, समुद्रकिनारा पुढे सरकला, नदीची वाट लांबली, उतार कमी झाला आणि तळ पुन्हा वर येऊ लागला.

इ. स. १८५५ मध्ये कैफंगच्या पूर्वेस तट फुटला. नदीने दक्षिणेची वाट सोडली आणि ती उत्तरेकडे वळून पोहाय समुद्राला मिळाली. त्या वेळी देशात ताइपिंग बंडाचे युद्ध पेटलेले होते. सरकारजवळ तट दुरुस्त करायला पैसाही नव्हता आणि सवडही नव्हती. १८८७ साली पुन्हा तट फुटला, तेव्हा मृतांची संख्या नऊ लाखांपर्यंत गेली असावी असा अंदाज आहे.

उंचावरची नदी म्हणजे भरलेली बंदूक. ती कोणाच्याही हाती पडू शकते. १६४२ साली कैफंग शहराला बंडखोरांचा वेढा पडला असताना युद्धाचा डाव म्हणून नदीचे तट फोडण्यात आले. शहरातील सुमारे तीन लाख माणसे बुडून, उपासमारीने आणि रोगराईने मेली असे मानतात. जुने शहर गाळाखाली गाडले गेले आणि त्यावर नवे वसले. १९८१ पासून झालेल्या उत्खननांत आजच्या कैफंगच्या खाली एकावर एक अशी जुनी शहरे आढळली आहेत. सर्वात आश्चर्य हे की, जून १९३८ मध्ये तीच गोष्ट पुन्हा घडली. जपानी सैन्याला अडवण्यासाठी चीनच्याच सरकारने ह्वायुआनखौ येथे तट फोडला. लाखो चिनी शेतकऱ्यांचे बळी गेले. ते भगदाड १९४७ साली बुजवण्यात आले.

खरे बोलणारा प्राध्यापक

स्वातंत्र्योत्तर काळात आपल्याकडे धरणे बांधली गेली तशी चीनमध्येही बांधली गेली. होआंग होवर सानमेनश्या येथे सोव्हिएत तज्ज्ञांच्या आराखड्याने १९५७ मध्ये मोठ्या धरणाचे काम सुरू झाले. आता नदी स्वच्छ होईल, असे सर्वत्र सांगितले जात होते. ह्वांग वान-ली (१९११-२००१) या प्राध्यापकाने मात्र तज्ज्ञांच्या सभेत उभे राहून विरोध केला. धरणाने गाळ नाहीसा होणार नाही, तो फक्त खालच्या भागाऐवजी वरच्या भागात साचेल, असे त्याचे म्हणणे होते. निदान धरणाच्या पायथ्याची भोके बुजवू नका, पुढे गाळ सोडायला ती लागतील, अशी त्याने विनंती केली. ती मानली गेली नाही. उलट त्याच वर्षी त्याला 'उजव्या विचारांचा' ठरवून त्याचे अध्यापन बंद करण्यात आले.

सप्टेंबर १९६० मध्ये धरणात पाणी साठू लागले. दीड-दोन वर्षांतच जलाशय गाळाने भरत चालला. वरच्या बाजूस थुंगक्वान येथे नदीचा तळ सुमारे साडेचार मीटर वर आला. त्यामुळे वै नदीचे पाणी तुंबू लागले आणि शीआन या ऐतिहासिक शहरालाही धोका निर्माण झाला. शेवटी धरणात बदल करून बुजवलेली भोके पुन्हा मोठ्या खर्चाने उघडावी लागली. त्या प्राध्यापकाला १९८० साली निर्दोष ठरवण्यात आले. तोपर्यंत त्याच्या आयुष्याची तेवीस वर्षे गेली होती.

पालकहो, आपले मूल गणितात चांगले गुण मिळवते याचा आपल्याला आनंद होतो, आणि तो व्हावाच. पण ते गणित सर्वांना न आवडणारे उत्तर देत असेल, तेव्हा ते उत्तर नम्रपणे पण स्पष्टपणे सांगण्याचे धैर्यही त्याला शिकवले पाहिजे. तालीम पूर्ण होते ती तेव्हा.

या कहाणीला आशेची बाजूही आहे. श्याओलांगदी येथील नव्या धरणातून २००२ पासून बहुतेक दरवर्षी ठरावीक वेळी जोराने पाणी सोडून खालच्या पात्रातील गाळ धुऊन काढला जातो. त्यामुळे खालच्या पात्राचा तळ खाली गेला आहे. त्याहून मोठे काम डोंगरात झाले. लोएस पठारावर पायऱ्यापायऱ्यांची शेते केली, नाल्यांना छोटे बांध घातले, तीव्र उतारावरील नांगरट बंद करून झाडे व गवत लावले. नदीच्या गाळाचा वार्षिक भार १६० कोटी टनांवरून आता २०-३० कोटी टनांच्या आसपास आला आहे. च्या रांगच्या निवेदनानंतर दोन हजार वर्षांनी का होईना, पारडे हलले.

आपल्या दाराशी

आता घराकडे वळू. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण व महाड ही दोन्ही शहरे पुराने वेढली गेली. तुमच्यापैकी कित्येकांच्या नातेवाइकांच्या घरात, दुकानात त्या दिवशी पाणी शिरले असेल. भिंतीवरची पाण्याची रेघ पुसली तरी मनातली पुसली जात नाही. तो पूर अतिवृष्टीचा होता, भरतीचाही त्यात हात होता. पण पूर ओसरल्यावर जो प्रश्न सर्वांच्या तोंडी होता तो वाशिष्ठी व शिव नद्यांच्या पात्रातील गाळाचा. पुढे तो गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले.

कोकणच्या नद्या आखूड आहेत. सह्याद्रीवरून त्या धावत येतात आणि खाडीत भरतीचे पाणी समोर येताच एकदम थबकतात. अल्-बिरूनीने सांगितले तसे, थबकलेले पाणी आपले ओझे खाली ठेवते. एके काळी गोवळकोटच्या धक्क्याला मालाची गलबते लागत, हे वडीलधाऱ्या माणसांनी ऐकलेले आहे. होआंग होचे आकडे कोटींचे, आपले त्या मानाने लहान. पण तराजू तोच आहे. डोंगरावरचे जंगल तुटले, उतार खणले गेले, बांधकामाचा राडारोडा पऱ्ह्यात लोटला, काठ बुजवून नदीची जागा घेतली, की गाळाचे पारडे खाली जाते. गाळ काढणे आवश्यक आहे. पण वरून येणारा गाळ तसाच येत राहिला तर काढलेली जागा पुन्हा भरेल, हे चीनच्या इतिहासाने दाखवून दिले आहे.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पालकहो, घरासाठी जागा घेताना ती स्वस्त का आहे ते विचारा, आणि पूररेषा कोठे आहे ते कचेरीत जाऊन पाहा. भराव टाकून उंच केलेली जागा आपल्या घराला वाचवील, पण ते पाणी शेजाऱ्याच्या घरात जाईल. शेजाऱ्याचा हक्क आपल्याला नव्याने सांगायला नको.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक छोटा उपक्रम. दर उन्हाळ्यात, पाणी कमी असताना, शिक्षकांना बरोबर घेऊन गावच्या पुलावर जा. कठड्यावर एक खूण निश्चित करा. दोरीला वजन बांधून त्या खुणेपासून नदीच्या तळापर्यंतचे अंतर मोजा आणि शाळेच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच खुणेपासून मोजा. दहा वर्षांनी त्या वहीत तुमच्या नदीचा इतिहास तयार असेल, आणि पात्र किती वर आले याचे उत्तर कोणाच्या मतावर अवलंबून राहणार नाही. चान सिनेही आपल्या ग्रंथात हेच केले होते. त्याने मापे नोंदवली आणि हिशेब मांडला.

नदी आपल्याला बुडवण्यासाठी वाहत नाही. तिच्यावर आपण किती ओझे टाकतो आणि तिला किती जागा ठेवतो, एवढाच तिचा आपला हिशेब आहे. तो वेळेवर मांडणारी मुले आपल्या शाळांतून निघोत, हीच सदिच्छा.